वरच्या रस्त्याने

दात काढल्यावर माणूस अर्धा बधिर होतो, पण कान शाबूत राहतात, हे मला त्या दुपारी कळलं. दंतवैद्याने गालात कापसाचा बोळा कोंबला होता, खालचा ओठ माझा आहे की शेजारणीचा तेही समजत नव्हतं, आणि मोबाइलने ऐन वेळी मान टाकली होती. काउंटरवरच्या मुलीने दवाखान्याचा फोन पुढे सरकवला. मला पाठ असलेला नंबर एकच, ह्यांच्या ऑफिसचा, आणि तोही बाहेरच्या लोकांसाठी असलेला. सांगायचं एवढंच होतं, की येताना औषधाच्या गोळ्या घेऊन या, माझ्यात दुकानासमोर उभं राहायची ताकद नाही. पण तिकडच्या मुलीने माझं बोबडं ऐकून मला गिऱ्हाईक ठरवलं आणि 'जोडते हं' म्हणत थेट ह्यांच्याकडे जोडून दिलं. आणि मग तो आवाज आला. "नमस्कार! बोला. डोंगरात जायचंय ना? वा, छान. अगदी निवांत सांगा, मला काही घाई नाही." मी नुसतं "अं" केलं. "हो हो, सावकाश. माणसं किती?" मी रिसीव्हर कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघत राहिले. हा माझा नवरा? सकाळी ह्याच माणसाने दाराशी उभं राहून 'किल्ली' आणि 'निघतो' एवढे दोनच शब्द माझ्या पदरात टाकले होते. दात काढायला जाणार आहे हे आदल्या दिवशी सांगितलं, तर पेपर न हलवता 'हं' आलं होतं. तो 'हं' आणि हा 'वा, छान' एकाच गळ्यातून निघतात, हे पटायला वेळ लागला. तेवढ्यात तिकडून पुन्हा आपुलकीने, "ऐकू येतंय ना तुम्हाला?" मी कापसातून म्हटलं, "दोन." "दोघंच! मग तर काय, मजा आहे. दोघांनीच जावं डोंगरात. परत फोन करा हं, दुसऱ्या कुणाकडे देऊ देऊ नका, मलाच मागा." मी 'बरं' म्हणून फोन ठेवला आणि गोळ्या स्वतःच घेऊन घरी गेले.

ह्यांचं काम मला माहीत नव्हतं असं नाही. कंपनी घरगाड्या भाड्याने देते. ऑफिसात त्यांना मोटरहोम म्हणतात, आमच्या घरात घरगाडी. आत खाट, शेगडी, नळ, संडास, सगळं असतं, नुसतं भाडेकरू शेजारी नसतात. लोक त्या घेऊन डोंगरातल्या उद्यानांमध्ये जातात, तळ्याकाठी राहतात, आणि त्यांचा रस्ता हे आखून देतात. कुठल्या पुलाखालून गाडीची उंची जाईल, कुठल्या वळणावर एवढी लांब गाडी वळणार नाही, सांडपाण्याची टाकी कुठे रिकामी करायची, रात्रीची जागा सपाट आहे की नाही. कारण जागा उताराची निघाली तर नवरा रात्रभर बायकोच्या अंगावर घरंगळतो, आणि सकाळी दोघंही कंपनीच्या नावाने शंख करतात. लग्न झालं त्याच वर्षी हे ह्या नोकरीला लागले, अजून तिथेच आहेत. भिंतभर नकाशा, त्यावर रंगीत दोरे, खिडकीशी टेबल. आणि गंमत अशी, की ह्या माणसाने त्यातला एकही रस्ता पाहिलेला नाही. गाडी चालवता येत नाही. मी शिकवायला बसले होते एकदा, तर हे गिअर बदलताना माझी परवानगी मागत होते. गाडी मी चालवते; पडद्यांच्या दुकानात कापायचं काम करते, आणि पडदे पोचवायची व्हॅनही माझ्याच गळ्यात आहे. लोकांच्या खिडक्या मोजायला घरोघर जाते. काय एकेक खिडक्या असतात! बाहेर मोकळं रान, लांबवर निळा डोंगर, आणि बाई विचारते, जाड कापड आहे ना, उजेड नको आत. एकदा अशाच एका खिडकीतून डोंगर बघून आले आणि ह्यांना म्हटलं, आपण जाऊ या का हो? चालवीन मी. तर म्हणाले, "माझं सगळं पाठ आहे. जाऊन नवीन काय दिसणार?" मी ताटं उचलली.

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते असंही नव्हतं, आणि खरी बोच तीच होती. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं तेव्हा आम्ही उंच इमारतीत राहायचो. एकदा बाजारातून येताना लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. दिवा गेला. माझा श्वास एकदम कुणीतरी मुठीत धरल्यासारखा झाला. मी दारावर थापा मारल्या, ओरडले, पिशवीतल्या बटाट्यांवर पाय देऊन घसरले, ह्यांचा शर्ट फाडला. ह्यांनी माझं मनगट धरलं आणि बोलायला लागले. नोकरी नवी होती, रस्ते पाठ करणं चालू होतं, तेच बोलायला लागले. आता आपण गाव सोडलं. उजव्या हाताला नदी आहे, तुझ्या बाजूने. काच खाली कर. आता चढ लागला, जरा कानांना दडे बसतील. इथे एक वळण, मग दुसरं, आता झाडं कमी झाली बघ, आता नुसतं गवत. आणि मला खरोखर गवत दिसायला लागलं. लिफ्ट सुरू झाली तेव्हा आम्ही खिंडीच्या वर पोचलो होतो, आणि दार उघडल्यावर मला क्षणभर वाईट वाटलं, की संपलं. त्यानंतर मी लिफ्टमध्ये पाऊल टाकलं नाही. भुयारी वाटा, तळघरातली दुकानं, काही नाही. छताचं ओझं डोक्यावर येतं आणि बटाटे पायाखाली गडगडायला लागतात. पुढे आम्ही तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं, जिन्याचं. त्याबद्दल पुन्हा कधी बोलणं झालं नाही. ह्यांचा आवाज हळूहळू ऑफिसातच राहायला लागला, छत्री राहते तसा, आणि मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात गेल्यावर घरात 'हं'चं राज्य आलं. भांडण नाही, तंटा नाही. उद्या कुणी विचारलं तर मी म्हणेन, माणूस सोन्यासारखा आहे. पण सोन्याशी बोलायचं काय, सांगा!

तर आठवड्याभराने मी दुकानाच्या मागच्या खोलीत, पडद्यांच्या गठ्ठ्यांमध्ये बसले, गालात कापूस भरला आणि फोन लावला. हसा हवं तर. मलाही हसू येत होतं. "अरे, तुम्ही होय! मी म्हटलं, विसरलात की काय," तिकडून आवाज आला. मला विसरलात की काय असं ह्यांनी जन्मात विचारलेलं नाही. मग प्रश्न सुरू झाले. थंडी सोसते का? सोसते. शेगडीवर स्वयंपाक कराल, की वाटेत जेवाल? करीन, पण भांडी ते घासतील. "हे आवडलं," म्हणाले आणि हसले. हसले! मग विचारतात, "खाटेची एक बाजू भिंतीला असते. दाराकडे कोण झोपणार? म्हणजे रात्री कोण उठतं?" मी म्हटलं, "ते उठतात. दोनदा." "मग साहेब दाराकडे. साहेब बोलके आहेत का हो? तसं सांगा, कारण न बोलणाऱ्या माणसाला मी लांबचा पल्ला देत नाही. शेजारी बसणारीचे हाल होतात." कापूस भिजून घशाकडे सरकला होता. तो जिभेने परतवून मी म्हटलं, "तोंडाला कुलूप आहे." मग अगदी हळुवारपणे, "असू दे. अशी माणसं डोंगरात गेली की बोलायला लागतात. मी पाहिलंय." पाहिलंय म्हणे! खिडकीशी बसून! मला राग यायला हवा होता, पण मी पडद्याचं टोक बोटाला गुंडाळत म्हटलं, "खरंच?" आणि तो "खरंच" म्हणाला तेव्हा मी त्या परक्या माणसावर विश्वास ठेवला. मालकीणबाई मधेच डोकावून गेल्या. दाताचा त्रास अजून आहे का म्हणाल्या, मी गालावर हात ठेवून मान हलवली.

आणि मग घरात भलतंच सुरू झालं. संध्याकाळी जेवताना हे आपणहून म्हणाले, "एक बाई आहे सध्या. तोंडात गोळी ठेवल्यासारखं बोलते." मी पाणी पीत होते, ठसका लागला. "कोण बाई?" "गिऱ्हाईक गं. दोघांना जायचंय. नवरा खडूस दिसतोय तिचा." "असेल." "बोलत नाही म्हणे. बिचारी." ह्यांनी खरंच हळहळून मान हलवली आणि आमटीचा वाडगा पुढे केला. मी तो भरून दिला. मनात म्हटलं, अहो, आरसा कुठे टांगलाय आपल्याकडे? पण गंमत चढत गेली तशी आत काहीतरी खुपायलाही लागलं. दर दोन-तीन दिवसांनी त्या बाईचा विषय निघायचा. तिला म्हणे पहाटेचं तळं बघायचंय. तिला म्हणे गर्दी नको. एकदा नकाशाची गुंडाळी घरी आणली, जेवणाच्या टेबलावर पसरली आणि मिठाची बरणी कोपऱ्यावर ठेवून मला दाखवत बसले, की बघ, ही पहिली जागा देऊ तिला की ही, इथे नदीचा आवाज येतो रात्री, कुणाला आवडतो, कुणाला नाही. "तुला काय वाटतं?" मला! काय वाटतं! मी म्हटलं, "नदीची द्या." चष्मा कपाळावर चढवून नकाशावर वाकलेले, मानेवरचे केस पांढरे झालेले, बोट नदीवर. मला ह्यांची इतकी माया आली, की हात पुढे करून ते केस सारखे करावेसे वाटले, आणि त्याच क्षणी त्या बाईचा हेवा वाटला. स्वतःचाच हेवा करणारी बाई कुणी पाहिली आहे का? मला वाटायला लागलं, ह्या माणसाला माझ्यापेक्षा कापूसच जास्त आवडतो.

सांगून टाकावं असं रोज वाटायचं. पण सांगितलं तर काय होईल तेही डोळ्यांसमोर दिसायचं. हे ओशाळतील, चष्मा पुसतील, 'हं' म्हणतील, आणि तो आवाज पुन्हा कुलूपबंद होईल, ह्या खेपेला ऑफिसातूनसुद्धा मला मिळणार नाही. म्हणून मी वेगळंच ठरवलं. ह्यांनीच ओळखायला हवं. प्रवास आखून पुरा होईपर्यंत ओळखलं, तर मी म्हणेन चला, आणि व्हॅनसारखीच ती घरगाडी हाकत ह्यांना डोंगरात नेईन. नाही ओळखलं, तर नाही; मग मी पडदे कापीन, हे दोरे ताणतील, आणि म्हातारपण काढू एकमेकांना 'हं' करत. हट्टीपणा होता, माहीत आहे. पण इतक्या वर्षांनी बायकोला एका कापसाच्या बोळ्यामागून ओळखता येऊ नये? मी खुणा पेरायला लागले. फोनवर घरातले शब्द वापरले. चहात आलं नको, असं ह्यांच्यासारखंच म्हटलं. मुलगी बाहेरगावी शिकते म्हटलं. मी पडद्यांचं काम करते, एवढंच काय ते सांगायचं राहिलं. तिकडून आपुलकी तेवढीच, ओळख काडीची नाही. फोन ठेवून मी कापूस थुंकायचे, आणि कधी कधी तिथेच गठ्ठ्यावर डोकं टेकून बसायचे. नव्या कापडाला एक वास असतो, पीठ शिजवल्यासारखा. तो वास अजून आला की मला त्या दिवसांची धाकधूक आठवते.

शेवटच्या फोनला हे म्हणाले, "झालं तुमचं सगळं. वाचून दाखवू? मला वाचून दाखवायला आवडतं." मी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. माझ्यासमोर टेबलावर एका मोठ्या घराचा पडदा पसरला होता, शिसपेन्सिलीने खुणा करून ठेवलेला, कात्री वर. मी डोळे मिटले. "पहिला दिवस. गाव सोडलंत की उजव्या हाताला नदी लागेल. तुमच्या बाजूने." तोच आवाज, त्याच चालीने, जरासा जड झालेला. तळं आलं, पहाट आली, सपाट जागा आली, टाकी रिकामी करायची जागासुद्धा अशा प्रेमाने आली, की तिथेही थांबावंसं वाटलं. "आता दुसरा दिवस. इथून पुढे सगळे लोक बोगद्यातून जातात. मोठा, नवा बोगदा आहे, सरळ पलीकडे निघतो. मी तुम्हाला त्यातून नेत नाहीये. वरून जुना रस्ता आहे, खिंडीतून, त्याने नेतोय. तासभर जास्त लागेल, पण वरूनच जा. चढ लागला की जरा कानांना दडे बसतील. मग झाडं कमी होतील, मग नुसतं गवत." मी डोळे उघडले. कापूस गालातल्या गालात कोरडा पडला. बोगदा मला नको हे मी त्या बाईच्या तोंडून एकदाही सांगितलं नव्हतं. "का?" मी कसंबसं म्हटलं. तिकडे हे जरा अडखळले. "वरून... छान दिसतं," म्हणाले. मी फोन ठेवून दिला.

ओळखलं होतं! कधीपासून कोण जाणे, पण ओळखलं होतं, आणि लबाड माणूस मूग गिळून बसला होता! ते नकाशा घरी आणणं, ते 'तुला काय वाटतं', ते 'नवरा खडूस', सगळं माझी फिरकी घेत! मी त्या बंद खोलीत एकटीच हसले, मग डोळ्यांना पाणी आलं, मग पुन्हा हसले, आणि ह्या सगळ्यात हातात घेतलेली कात्री मी खुणेच्या बरीच आत चालवली. मोठ्या घराचा पडदा वीतभर आखूड झाला. मालकीणबाई बघतच राहिल्या. मी म्हटलं, "माझ्या पगारातून कापा," तर म्हणाल्या, "पण हसतेस कशाला?" घरी येताना इमारतीच्या दारात खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या, त्यांना वाटलं आमच्या मुलीचं लग्न ठरलं. तीन मजले चढले ते कळलंसुद्धा नाही.

हे आधीच आले होते. टेबलाशी बसून, चष्मा हातात, चेहरा पडलेला. मी ताटं घेतली, वाढलं, समोर बसले आणि वाट बघितली. ह्यांनी भात नुसताच चिवडला. मग म्हणाले, "त्या बाईने फोन ठेवून दिला आज. मधेच. काय चुकलं कळत नाही."

"पुरे झालं नाटक," मी म्हटलं. "कधीपासून ओळखलंत ते सांगा."

"कुणाला?"

"मला हो! कधी कळलं, की ती मीच आहे?"

हे माझ्याकडे बघत राहिले. हातातला घास हातातच. नाटक करणारा माणूस असा दिसत नाही. आणि ह्यांना तर साधी थाप मारतानासुद्धा कानाच्या पाळ्या लाल होतात. पाळ्या होत्या तशाच होत्या. "ती बाई... तू होतीस?" मी उठले, कपाटातून कापूस काढला, बोळा करून गालात घातला आणि म्हटलं, "तोंदाला कुलूप आहे." ह्यांनी घास ताटात ठेवला. चेहऱ्यावर एकामागून एक काय काय येऊन गेलं. आधी लाज, मग हिशेब, मग पुन्हा लाज. "म्हणजे तो रात्री दोनदा उठणारा..." "तुम्ही." "आणि खडूस?" "तेही तुम्हीच. मी नाही म्हटलं, तुम्हीच म्हणालात." मी कापूस काढून ताटाच्या कडेला ठेवला. आतून मात्र सगळं खाली बसत चाललं होतं. नव्हतंच ओळखलं. जिना उगाच चढले होते मी उड्या मारत. मला एवढं वाईट वाटलं, की भांडणसुद्धा सुचेना. तरी एक गोष्ट कुठेच बसत नव्हती, ती तेवढी विचारली.

"मग बोगदा का टाळलात?"

"बोगदा?"

"तिने सांगितलं नव्हतं. बोगदा नको असं तिने एकदाही सांगितलं नव्हतं."

"बोगदा मी घालतच नाही," हे म्हणाले. "कुणालाच नाही."

"कुणालाच म्हणजे?"

"माझ्या रस्त्यात बोगदा नसतो. ऑफिसात हसतात मला. लोक तक्रारी करतात, एवढा वळसा कशाला म्हणून. साहेब दरवर्षी बोलावून सांगतात."

"पण का?"

हे गोंधळले. जे इतकं उघड आहे ते मी का विचारते आहे, असं तोंड केलं. "तुला नाही ना चालत," म्हणाले. मग ताटाकडे बघत, एकेक शब्द शोधून काढत, "रस्ता नुसता आखता येत नाही गं. शेजारी कुणीतरी बसवावं लागतं, तेव्हा कळतं कुठे थांबायचं, कुठे काच खाली करायची. सुरुवातीला तुला बसवायचो. मग तीच सवय लागली. दिवसभर तू बसलेलीच असतेस तिथे. घरी येतो तोपर्यंत सगळं बोलून झालेलं असतं."

इतकी वर्षं, कुठले कुठले लोक, म्हातारी जोडपी, नवी लग्नं, पोरंबाळं घेऊन निघालेली कुटुंबं, सगळी तासभर वळसा घालून खिंडीवरून गेली होती, कारण मला लिफ्टमध्ये गुदमरलं होतं. आणि मी इथे भिंतीकडे तोंड करून म्हणत होते, की बोलत नाही. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. हे घाबरून उठले, पाणी घेऊन आले, पेला हातात द्यावा की टेबलावर ठेवावा ते कळेना म्हणून धरूनच उभे राहिले.

"दिसतं का छान?" मी नाक पुसत विचारलं. "वरून?"

"मला काय माहीत," हे म्हणाले. "मी कुठे गेलोय?"

मी हसले. मग हेही हसले, आणि हसता हसता पेल्यातलं पाणी स्वतःच प्यायले. खुर्ची ओढून बसले. टेबलावरचा चष्मा नाकावर चढवला, घसा साफ केला, माझ्याकडे न बघता टेबलावर बोटाने एक रेघ ओढली, आणि मग तो आवाज आला, आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, उष्ट्या ताटांच्या वर.

"नमस्कार. बोला बाईसाहेब. डोंगरात जायचंय ना? माणसं किती?"

"दोन," मी म्हटलं. गालात काहीही नव्हतं.